बादलीतला बोर्डो आणि न झोपणारी वेल

मोरचूद एक किलो, कळीचा चुना एक किलो, पाणी शंभर लिटर. मोरचूद एका प्लास्टिकच्या बादलीत विरघळवायचे, चुना दुसरीत, आणि दोन्ही द्रावणे एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतायची. भांडे लोखंडाचे नको. शेवटी विळ्याचे पाते त्या निळ्या पाण्यात बुडवून पाहायचे. पात्यावर तांबूस थर धरला तर चुना कमी पडला, अजून घालायचा. हिंगोली जिल्ह्यातल्या आमच्या गावी चुलत्यांच्या मोसंबीच्या बागेत हा उद्योग मी लहानपणी अनेकदा पाहिला. हेच मिश्रण घट्ट केले की त्याची पेस्ट होते आणि पावसाळ्याआधी झाडाच्या बुंध्याला कमरेइतकी लावली जाते. "बोर्डो म्हंजी काय ओ काका?" असे मी विचारले होते. "औषधाचं नाव हाय," एवढेच उत्तर मिळाले. ते मला पुष्कळ वर्षे पुरले.

बोर्डो हे एका शहराचे नाव आहे, त्या शहराभोवती जगातल्या सर्वांत नावाजलेल्या द्राक्षबागा आहेत आणि आमच्या बादलीतले निळे पाणी त्याच बागांतून आले आहे, हे कळायला वाइनची गोडी लागावी लागली. गोष्ट अशी. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा नावाच्या मुळे खाणाऱ्या किडीने फ्रान्समधल्या वेली मारल्या. त्यावर उपाय म्हणून अमेरिकन वेलींची मुळे म्हणजे खुंट आणून त्यांवर फ्रेंच वेलींची कलमे बांधली गेली. १८७८च्या सुमारास केवडा रोगही तिकडे पोचला, तोही अमेरिकेतूनच. त्या काळात मेदोक भागातले काही शेतकरी रस्त्याकडेच्या ओळींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. हेतू एवढाच, की जाणाऱ्या-येणाऱ्यांनी विषाच्या भीतीने द्राक्षे तोडू नयेत. बोर्डो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांच्या लक्षात आले की ह्याच ओळींवर केवडा नाही. प्रयोग करून त्यांनी १८८५मध्ये हे मिश्रण जाहीर केले. चोराला भिववणारे औषध असे रोगाला भिववणारे झाले आणि यथावकाश आमच्या मोसंबीपर्यंत आले.

म्हणजे हिंगोलीला बोर्डो बाटलीतून नव्हे, बादलीतून पोचले. ह्या लेखात मला जे सांगायचे आहे ते ह्याच टोकापासून सुरू होते. आपल्याकडे वाइनचा शौक करणारा माणूस बहुधा बाटलीच्या बाजूने आत शिरतो. इंग्रजी पुस्तके, लेबले, ग्लासांचे आकार, कोणत्या पदार्थाबरोबर काय, अशा वाटेने. त्या वाटेने मीही चाललो आणि एका ठिकाणी चांगलाच अडखळलो. ते ठिकाण म्हणजे फेब्रुवारी महिन्यातली मेदोकमधली एक बाग.

कामानिमित्त फ्रान्सला जाणे झाले होते, दोन दिवस मोकळे मिळाले आणि मी उत्साहाने बोर्डो गाठले. बागेत पाहण्यासारखे काहीही नव्हते. पान नाही, कोंब नाही. गुडघ्याएवढे काळे खोड, वर दोन वाळक्या काड्या. दूरवर कोणी तरी छाटलेल्या काड्या जाळत होते, तेवढाच धूर. वेल झोपली आहे असे मला सांगण्यात आले. थंडी पडली की पाने गळतात, साखर खोडात आणि मुळात साठते आणि मार्चपर्यंत ती निजून राहते. मग जमीन तापू लागली की छाटलेल्या टोकांतून पाण्यासारखा रस ठिबकतो. तिथले लोक म्हणतात, वेल रडते. आणि त्याच आठवड्यात नाशिकला काय चालले होते? दिंडोरीच्या रस्त्यांवर पहाटे क्रेट भरलेल्या गाड्या धावत होत्या, कारण तिथे तोडणी ऐन रंगात होती. एकाच जातीची वेल, एकच महिना, इकडे झोप आणि तिकडे बाळंतपण. पुस्तकांनी मला हे सांगितले नव्हते. कारण ती सगळी झोपणाऱ्या वेलीविषयी लिहिलेली होती.

दख्खनची वेल झोपत नाही, हे आपल्या वाइनविषयीचे मूळ सत्य आहे. बाकीचे पुष्कळसे त्यातून निघते.

जगाच्या नकाशावर वाइनचे पट्टे पारंपरिकरीत्या तीस ते पन्नास अंश अक्षांशांच्या दरम्यान दाखवतात, उत्तरेला आणि दक्षिणेलाही. नाशिक विसाव्या अंशावर आहे. हिंगोलीही जवळजवळ तिथेच. इथे हिवाळा येतो, पण वेलीला निजवण्याइतका नाही. तिला मोकळे सोडले तर ती वर्षभर वाढत राहील, पसरेल, आणि कुठे तरी दोन-चार घड धरेल. म्हणून आपल्याकडे तिचे वर्ष कात्रीने पाडतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी. तोडणी झालेल्या काड्या खोडाशी आणून कापायच्या. मग उन्हाच्या जोरावर नवीन काड्या येतात आणि छाटणीनंतरच्या पहिल्या दीड-दोन महिन्यांत त्या काड्यांवरच्या डोळ्यांत पुढच्या घडांची बीजे ठरतात. शेतकरी याला सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात. डोळ्यांनी दिसत काहीच नाही, पण पुढच्या फेब्रुवारीतले उत्पन्न मे-जूनच्या उन्हात ठरून गेलेले असते. मधे आभाळ फार दिवस भरून राहिले तर घड कमी. मग पावसाळाभर काड्या पिकवायच्या, केवडा आणि भुरी यांच्यापासून राखायच्या. पाऊस ओसरताना सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुसरी छाटणी, गोडी छाटणी. हीच फळाची. छाटणीनंतर डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात, कारण थंडीने झोप न झालेले डोळे एकसारखे फुटत नाहीत. युरोपात जे काम हिवाळा फुकटात करतो ते इथे मजूर बोटाला कापड गुंडाळून, एकेक डोळा चोपडून करतो. दोन छाटण्या आणि पीक एक, असे हे दख्खनी गणित आहे.

हे गणित किती जुने आहे याचा एक धागा मला चौदाव्या शतकात सापडतो. मोरोक्कोहून आलेला प्रवासी इब्न बतूता दौलताबादला येऊन गेला. तिथे द्राक्षे आणि डाळिंबे होतात आणि वर्षातून दोनदा फळतात, अशी नोंद त्याने केली आहे. थंड देशांतल्या वेली पाहून आलेल्या माणसाला ही गोष्ट लिहून ठेवण्याजोगी वाटली यात नवल नाही. वर्षातून दोनदा फळणारी वेल म्हणजेच न झोपणारी वेल. आपल्या मराठवाड्याच्या दारातच तिची नोंद झाली आहे, हे मला नाशिकच्या कुठल्याही माहितीपत्रकात वाचायला मिळाले नाही. ब्राझीलच्या ईशान्येला साओ फ्रान्सिस्को नदीच्या खोऱ्यात, विषुववृत्तापासून जेमतेम नऊ अंशांवर, आज पाणी आणि छाटणी यांच्या जोरावर वर्षाला दोन पिके घेतात. तिथे एका बागेत तोडणी आणि शेजारच्या बागेत फुलोरा असे दृश्य दिसते. आपले खरे भाऊबंद तिकडचे. बोर्डो नात्यातले आहे, पण दूरचे.

झोप नसल्याचा परिणाम ग्लासात कसा उतरतो ते आता पाहू. द्राक्ष पिकते म्हणजे दोन गोष्टी घडतात. साखर चढते आणि आंबटपणा उतरतो. साखर ब्रिक्स या मापात मोजतात. खायच्या द्राक्षाला सोळा-अठरा ब्रिक्स चालते, वाइनला बावीस ते चोवीसच्या आसपास लागते, कारण यीस्ट ही साखर खाऊनच मद्यार्क बनवते. थंड मुलुखात साखर हळूहळू चढते आणि आम्ल टिकून राहते. दख्खनमध्ये फेब्रुवारी-मार्चचे ऊन साखर झपाट्याने चढवते. द्राक्षातले मॅलिक आम्ल, म्हणजे सफरचंदातले, ते वेल उष्णतेत श्वासोच्छ्वासात वापरून टाकते. रात्री गार असतील तर ते थोडे वाचते. म्हणून नाशिकची थंडी महत्त्वाची. निफाडचा पारा घसरल्याची बातमी गहूवाल्यांइतकीच वाइनवाल्यांनाही सुखावते. म्हणूनच तोडणी पहाटे किंवा रात्री दिवे लावून करतात आणि फळ गार असतानाच कारखान्यात नेतात. आणि म्हणूनच आपल्याकडे शेनिन ब्लां आणि सोव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या, आणि शिराझ, काबर्ने या काळ्या जाती स्थिरावल्या, तर बर्गंडीची लाडकी पिनो न्वार इथे रुजली नाही. ती थंडीची लेक आहे. इथल्या उन्हात तिचा सगळा नाजूकपणा जातो.

मी जाणकारांचे एक मत मात्र बाजूला ठेवतो. 'आपली शिराझ फ्रान्समधल्या ऱ्होन खोऱ्यातल्यासारखी झाली आहे' अशी तारीफ ऐकली की मला कसेसेच होते. हापूस पीचसारखा लागतो असे कोणी म्हणाले तर आपण त्याला फारसे मनावर घेणार नाही.

चवीच्या भाषेचा प्रश्न इथेच येतो. नाशिकजवळच्या एका वाइनरीत चव घ्यायच्या काउंटरवर उभा असताना समोरचा तरुण पाठ केल्यासारखे सांगत होता, यात गूजबेरी आहे, यात ब्लॅककरंट आहे. त्याने ब्लॅककरंट कधी खाल्ले नव्हते, मीही नव्हते. आम्ही दोघे एका तिसऱ्याच देशातल्या फळांच्या आधाराने निफाडच्या द्राक्षाविषयी बोलत होतो. माझ्या शेजारी मालेगावकडची एक आजी नातवाबरोबर आली होती. तिने एक घोट घेतला, तोंड वेडेवाकडे केले आणि म्हणाली, "जांभळाची बी चावल्यावानी तुरट." त्या काउंटरवर दिवसभरात बोलले गेलेले सर्वांत अचूक वाक्य बहुधा तेच असावे. काळ्या द्राक्षाची साल आणि बी यांतले टॅनिन जिभेवरच्या लाळेतली प्रथिने आवळते. त्याने तोंड कोरडे पडते. पाश्चात्त्य पुस्तकांत हे समजावायला अर्धे पान लागते, कारण तिथे ती स्वतंत्र चव मानत नाहीत. आपल्या षड्रसांत मात्र कषाय, म्हणजे तुरट, हा सहावा रस आहे आणि हिरडा, सुपारी, कच्चे केळे, जांभूळ यांनी तो घरोघर शिकवलेला आहे. आवळा, करवंद, चिंचेचा कोळ, कैरीचे साल, भिजलेली माती, मिरे, उन्हात वाळलेली हळद. या शब्दांनी वाइन चाखून पाहावी. मी गेली काही वर्षे तेच करतो आणि माझी स्मरणशक्ती पुष्कळ सुधारली आहे.

वाइन हे परदेशी पेय, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणाले की मी त्याला तेरला पाठवतो. धाराशिव जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये पैठण आणि तगर या दोन्ही बाजारपेठांची नावे येतात. तिथला माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जाई. त्याच ग्रंथात भडोचला उतरणाऱ्या मालाची यादी आहे आणि तीत वाइन आहे. इटलीची अधिक पसंतीची, शिवाय लाओडिकियाची आणि अरबस्तानची. ही वाइन दोन कानांच्या, टोकदार बुडाच्या मातीच्या उंच भांड्यांतून येई. त्यांना अँफोरा म्हणतात. त्यांची खापरे तेरला आणि नेवाशाला सापडली आहेत. तेव्हाच्या मराठवाड्यात कुणीतरी इटलीची वाइन प्यायले होते, एवढे तर ती खापरे सांगतातच. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याच्या छतावर टोपी घातलेला परदेशी पुरुष हातात प्याला घेऊन बसला आहे. सेविका सुरई घेऊन उभ्या आहेत. पर्यटक मान वर करून बघतात आणि पद्मपाणीकडे वळतात.

आपल्या ग्रंथांतही द्राक्षाचे मद्य आहे, आणि विशेष म्हणजे ते गावाच्या नावाने ओळखले जाते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात द्राक्षरसाच्या मद्याला मधु म्हटले आहे. त्याचे प्रकार दिले आहेत ते उत्पत्तीच्या प्रदेशावरून, कापिशायन आणि हारहूरक. कापिशी म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातल्या बेग्रामचा परिसर. पाणिनीनेही कापिशीवरून शब्द साधायचा स्वतंत्र नियम दिला आहे. बोर्डो, शॅम्पेन, बर्गंडी अशी नावे जे काम करतात तेच काम कापिशायन हा शब्द करत होता. हे मद्य कुठले, ते सांग, म्हणजे कसे असेल ते कळेल. आज 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकन आहे आणि आमच्या वसमतच्या हळदीलाही २०२४मध्ये मिळाले. कल्पना तीच, फक्त कचेरी नवी.

आणि हिंगोलीच्या कोणत्याही आयुर्वेदिक दुकानात द्राक्षासवाची बाटली मिळते. ताज्या द्राक्षांचे नव्हे, मनुकांचे. काढा करून त्यात गूळ किंवा साखर, धायटीची फुले आणि मसाले घालून भांडे बंद करून ठेवतात. धायटीच्या फुलांबरोबर यीस्ट येते आणि काही आठवड्यांत मद्यार्क आपोआप तयार होतो. बाटलीवर तसे छापलेलेही असते. पूर्वी हे भांडे धान्याच्या राशीत किंवा जमिनीत पुरून ठेवत, म्हणजे तापमान स्थिर राहते. कॉकेशस पर्वताच्या दक्षिणेला जॉर्जिया नावाचा देश आहे. तिथे वाइनचे सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीचे पुरावे मिळाले आहेत आणि आजही क्वेव्री नावाचे मोठे रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरून त्यात द्राक्षे सालीबियांसकट आंबवतात. युनेस्कोने २०१३मध्ये या पद्धतीची वारसा म्हणून नोंद केली. मी त्याचे चित्र पाहिले तेव्हा मला आमच्या वाड्यातले ज्वारीचे पेव आठवले. तोंडावर दगडी झाकण, वर शेणमाती. फरक एवढाच की पेवात काही आंबले तर घरात रडारड होई.

आता मूळ प्रश्न. हिंगोली आणि नाशिक एकाच अक्षांशावर असतील, तर वाइन नाशिकला का आणि हिंगोलीला का नाही? पहिले उत्तर मातीचे. वाइनच्या वेलीला थोडी उपासमार मानवते. बोर्डोची रेताड खडी, पोर्तुगालमधल्या दोउरो नदीकाठचा पाटीसारखा दगड, नाशिकचा मुरूम, सगळीकडे पाणी निसटून जाते आणि वेल मुळे खोल धाडते. आमच्या कयाधू-पूर्णेच्या काठची खोल काळी जमीन पाणी धरून ठेवते. तिथे वेल माजते, पाने होतात, फळात रस पातळ होतो. दुसरे उत्तर उंचीचे. नाशिक समुद्रसपाटीपासून जवळपास सहाशे मीटर, हिंगोली साडेचारशे. तिसरे पावसाचे. आमच्याकडे आठशे-नऊशे मिलिमीटर पडतो, निफाडकडे बराच कमी. शिवाय गारपीट. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यावर जी गारपीट झाली ती नेमकी द्राक्षे काढणीला आलेली असताना. तीनही उत्तरे खरी आहेत, आणि तीनही अपुरी. सेनगाव-औंढ्याच्या माळांवर मुरूम हवा तेवढा आहे. थंडीत परभणीचा पारा निफाडशी स्पर्धा करतो. आणि जालना जिल्ह्यातल्या कडवंची गावाने पाणलोटाचे काम करून, शेततळी खणून, मराठवाड्यात द्राक्षे होतात हे केव्हाच दाखवून दिले आहे. तिथली द्राक्षे खायची आहेत, तो भाग वेगळा.

तो भाग वेगळा म्हणून सोडून देता येत नाही. खरे उत्तर त्यातच आहे.

फ्रेंच भूगोलतज्ज्ञ रोझे दिओं यांनी गेल्या शतकात आपल्या देशातल्या वाइनच्या इतिहासावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की नामांकित बागा मातीच्या गुणामुळे जितक्या झाल्या त्याहून अधिक त्या बाजाराच्या वाटेवर असल्यामुळे झाल्या. बोर्डोला गारोन नदी आणि समुद्र आहे. ११५२मध्ये तिथली डचेस एलेनोर इंग्लंडच्या भावी राजाशी लग्न करून गेली आणि पुढे तीनशे वर्षे तो मुलूख इंग्रजांच्या ताब्यात राहिला. इंग्लंडमध्ये द्राक्षे फारशी होत नव्हती आणि पिणारे पुष्कळ होते. माती नंतर सुधारता येते, बंदर हलवता येत नाही. हे वाचले आणि मला नाशिकचा नकाशा कळला. नाशिकला मुंबई-आग्रा रस्ता आहे आणि रस्त्याच्या टोकाला मुंबई आहे. तसेच नारायणगावला पुणे-नाशिक रस्ता. ऐंशीच्या दशकात शामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञ आणून 'ओमर खय्याम' ही फेसाळ वाइन तिथेच काढली आणि परदेशी विकली. मग कॅलिफोर्नियात शिकून परतलेल्या राजीव सामंत यांनी नाशिकला 'सुला' उभी केली. तिची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. २००१मध्ये राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले. महाराष्ट्रातल्या द्राक्षांच्या वाइनला उत्पादन शुल्कात सवलत दिली. विंचूर आणि पलूस इथे वाइन पार्क निघाले. त्या उत्साहात पुष्कळ शेतकऱ्यांनी खायच्या द्राक्षांच्या जागी वाइनची द्राक्षे लावली.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण शौकीन माणसाच्या ती लक्षात येत नाही. वाइनचे द्राक्ष खाता येत नाही. म्हणजे विष नसते, गोडही असते. पण दाणा लहान, साल जाड, आत बिया. बाजारात ते कोणी घेत नाही, आणि त्याचा बेदाणाही चांगला होत नाही. खायच्या द्राक्षाला मुंबईचा भाव पडला तर निर्यात आहे, निर्यात अडली तर तासगावचा बेदाणा आहे. वाइनच्या द्राक्षाला एकच दार, वाइनरीचे. ते दारही तोडणीनंतर काही तासच उघडे. २००८-०९मध्ये जगभर मंदी आली, मुंबईवर हल्ला झाला, हॉटेले ओस पडली. वाइनऱ्यांच्या टाक्या आदल्या वर्षीच्या मालाने भरलेल्या होत्या. अनेकांनी द्राक्षे घेतली नाहीत, काहींनी घेतली आणि पैसे थकवले. नारायणगावची ती पहिली कंपनीही पुढे कर्जात बुडाली. नाशिक जिल्ह्यात लोकांनी उभ्या वाइनच्या वेली खोडासकट उपटल्या. चार-पाच वर्षे वाढवलेली वेल, तीही कलमी. 'फ्रान्समध्ये शंभर वर्षांच्या वेली आहेत' हे वाक्य मी पूर्वी फार कौतुकाने सांगत असे. आता ते सांगताना जरा थांबतो. वेलीचे वय हे तिच्या मालकाला मधल्या वर्षांत पैसे वेळेवर मिळाले का, याचेही माप असते.

हिंगोलीच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. त्याची हळद आणि त्याचा ऊस म्हणजे ह्याच प्रश्नाची दोन टोके आहेत. हळद शिजवून, वाळवून पोत्यात भरली की भाव येईपर्यंत ठेवता येते. वसमतला नाही पटले तर हिंगोलीला, नाही तर पुढच्या वर्षी. ऊस मात्र तोडला की एक-दोन दिवसांत गाळपाला गेला पाहिजे आणि गिऱ्हाईक एकच, कारखाना. वाइनचे द्राक्ष उसाच्या जातीचे आहे. पण उसाला निदान कायदा आहे. केंद्र सरकार दर ठरवते, एफआरपी म्हणतात तो, आणि चौदा दिवसांत पैसे देण्याचे बंधन आहे. ते पाळले जात नाही तेव्हा मोर्चा कुठे न्यायचा हे तरी माहीत असते. वाइनच्या द्राक्षाला असा काहीच आधार नाही. सगळी भिस्त शेतकरी आणि वाइनरी यांच्यातल्या करारावर. त्यात ब्रिक्स किती भरले हे मोजायचे यंत्र वाइनरीच्या हातात. माझ्या मते हिंगोलीत वाइन नाही याचे कारण माती फार तर चार आणे आहे. उरलेले बारा आणे हे आहे की क्रेट भरल्यावर चार तासांच्या आत पोचेल असे दार इथे नाही, आणि दार एकच असेल तर त्यावर भरवसा ठेवण्याचे कारणही नाही.

एक शेवटचा मुद्दा टाळता येणार नाही. जानेवारी २०२२मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला आणि महिनाभर गदारोळ झाला. एका बाजूने म्हटले गेले की वाइन म्हणजे दारू नव्हेच, ती शेतकऱ्याची आहे. दुसऱ्या बाजूने उपोषणाचा इशारा आला. निर्णय अमलात आला नाही. मी वाइनचा शौकीन आहे, आणि तरी पहिले विधान मला खोटे वाटते. साधा हिशेब करावा. तेरा टक्क्यांच्या साडेसातशे मिलिच्या बाटलीत सुमारे ९७ मिलि शुद्ध मद्यार्क असतो. देशीच्या किंवा व्हिस्कीच्या एकशेऐंशी मिलिच्या क्वार्टरमध्ये, ४२.८ टक्क्यांनी, सुमारे ७७. यकृताला लेबल वाचता येत नाही. रोज एक ग्लास हृदयाला चांगला, हेही जागतिक आरोग्य संघटनेने २०२३मध्ये मोडीत काढले आहे. आरोग्याला सुरक्षित असे प्रमाण नाही, असे तिने स्पष्ट म्हटले. ज्या जिल्ह्यांत बाया एकत्र येऊन मतदान घेतात आणि बाटली आडवी करतात, तिथे जाऊन 'हे ते नव्हे' असे सांगण्याचे धाडस माझ्यात नाही. त्यांच्या घरात जे झाले आहे ते द्राक्षाने नव्हे, मळीच्या दारूने झाले हे खरे. पण तो फरक त्यांनी कशाला करत बसावे? गंमत अशी, की हिंगोलीत ज्या पाटीवर 'वाइन शॉप' लिहिलेले असते तिथे वाइन मागितली तर दुकानदार आधी आपल्याकडे आणि मग वरच्या फळीकडे बघतो. फळीवर मे महिन्याच्या त्रेचाळीस अंशांत उभी करून ठेवलेली एक बाटली असते. ती घेऊ नये. वाइनचा काढा झालेला असतो.

तेव्हा वाइन दारू आहे, आणि ती शेती आहे, दोन्ही. ज्याला ती चाखायची त्याने थोडी चाखावी आणि तिच्यामागची शेती पूर्ण पाहावी. हौशी लोक फेब्रुवारीत नाशिकला जातात. तेव्हा संगीत असते, टोपल्या असतात, पायाने द्राक्षे तुडवतानाचे फोटो असतात. मी गेली काही वर्षे दिवाळीच्या आसपास जातो. तेव्हा चाखायला नवे काही नसते आणि वाइनरीतली माणसे जरा मोकळेपणी बोलतात. गोडी छाटणी होऊन गेलेली असते. बांधावर काड्यांचे ढीग असतात, डोळे फुटून चार-पाच पाने आलेली असतात आणि पानांच्या बेचक्यात मोहरीएवढ्या दाण्यांचा घड डोकावत असतो. परतीचा पाऊस अजून गेलेला नसेल तर मालक रात्री दोनदा उठून आभाळ बघतो, कारण ह्या अवस्थेत केवडा एका रात्रीत शिरतो. इथून तोडणीपर्यंत आणखी तीन-साडेतीन महिने. मागच्या खेपेला दिंडोरीजवळ एका बागेत फवारणीची तयारी चालू होती. मी बांधावर उभा राहून विचारले, औषध कुठले. मालकाने दोन नवी इंग्रजी नावे सांगितली. मग कोपऱ्यातल्या, निळा रंग कायमचा चढलेल्या प्लास्टिकच्या बादलीकडे बोट दाखवून म्हणाला, "पावसाळ्यात मात्र आमचा बोर्डोच."